शाळा न पाहिलेल्यांसाठी संगणक

प्रौढ शिक्षणात संगणकाचा वापर हा विषय निघाला की चर्चा बहुधा यंत्रांची संख्या, वीजपुरवठा आणि इंटरनेटची जोडणी यांवर येऊन थांबते. आणि शिकणाऱ्यांच्या सांस्कृतिक विविधतेचा प्रश्न आलाच, तर तो पाठ किती भाषांत उपलब्ध आहेत एवढ्यापुरताच येतो. या बाबी आवश्यक आहेत यात शंका नाही. परंतु या क्षेत्रात गेल्या पाव शतकात जे प्रयोग झाले ते पाहता खरी अडचण निराळ्या ठिकाणी असल्याचे दिसते. पडद्यावरची छोटी चिन्हचित्रे, एका यादीतून दुसरी उघडणारी यादी, चार पर्यायांतून एक निवडण्याचा प्रश्न, उत्तर चुकले की उमटणारी फुली, या सगळ्यांच्या मागे शाळेची शिस्त आणि शाळेची विचारपद्धती गृहीत धरलेली असते. ज्याने बालपणीची काही वर्षे वर्गात काढली आहेत त्याला हे गृहीतक जाणवतही नाही. ज्याने शाळा पाहिलेली नाही त्याला मात्र अक्षरापर्यंत पोहोचण्याआधी ते ओलांडावे लागते. युनेस्कोच्या अंदाजानुसार जगात आजही सुमारे 75 कोटी प्रौढ निरक्षर आहेत आणि त्यांत जवळजवळ दोन तृतीयांश स्त्रिया आहेत; त्यामुळे हा प्रश्न मूठभर लोकांचा आहे असे म्हणण्याची सोय नाही.

येथे दोन गोष्टींत फरक करणे आवश्यक आहे. संगणक हा कधी शिक्षणाचा विषय असतो आणि कधी शिक्षणाचे साधन. महाराष्ट्रात 2001 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा 'एमएस-सीआयटी' हा अभ्यासक्रम, किंवा केंद्र सरकारने 2017 मध्ये मंजूर केलेली 'प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान' ही योजना पहिल्या प्रकारात मोडते. या योजनेत 14 ते 60 वर्षे वयाच्या ग्रामीण व्यक्तींना 20 तासांचे प्रशिक्षण दिले जात असे आणि मार्च 2024 मध्ये ती संपली तोवर सहा कोटींहून अधिक लोक प्रशिक्षित झाल्याची नोंद झाली. अशा अभ्यासक्रमांत मुख्यतः यंत्र कसे चालवावे हे शिकवले जाते; यंत्राकडून वाचन, गणित किंवा परकी भाषा शिकून घेणे हा दुसरा प्रकार, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे. त्याचा इतिहासही वाटतो त्याहून जुना आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांच्या पुढाकाराने 1960 मध्ये सुरू झालेली 'प्लेटो' ही संगणकाधारित शिक्षणप्रणाली सत्तरच्या दशकात त्या राज्यातील तुरुंगांतही पोहोचली होती आणि शाळा अर्ध्यावर सुटलेले कैदी तिच्या पडद्यावर वाचन-गणिताचे पाठ गिरवत होते.

भारतातील सर्वांत महत्त्वाचा प्रयोग मात्र विद्यापीठात नव्हे, तर एका सॉफ्टवेअर कंपनीत जन्माला आला. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे पहिले प्रमुख फकीरचंद कोहली यांनी निवृत्तीच्या सुमारास देशातील निरक्षरतेकडे एक तांत्रिक प्रश्न म्हणून पाहण्यास सुरुवात केली आणि त्यातून 2000 साली 'संगणकाधारित कार्यात्मक साक्षरता' हा कार्यक्रम आकाराला आला. कार्यात्मक साक्षरता म्हणजे परीक्षेपुरती नव्हे, तर बसची पाटी, औषधाच्या बाटलीवरचे नाव, रेशनचे कार्ड, वर्तमानपत्राचा मथळा वाचता येईल इतकी, रोजच्या व्यवहाराला उपयोगी पडणारी साक्षरता. तत्कालीन आंध्र प्रदेशातील मेडक जिल्ह्यात, हैदराबादजवळच्या बीरमगुडा या गावी तेलुगू भाषेतून पहिला प्रयोग झाला आणि नंतर तमिळ, हिंदी, मराठी, बंगाली, गुजराती, उर्दू अशा भाषांत पाठ तयार झाले. पुढे दक्षिण आफ्रिकेतील उत्तर सोथो भाषेसाठीही तीच पद्धत वापरण्यात आली. राष्ट्रीय साक्षरता मिशनच्या त्या वेळी चालू असलेल्या प्रवेशिका म्हणजे वाचनपाठांची पुस्तके हाच पाठांचा आधार होता. त्यामुळे सरकारी कार्यक्रमाशी भांडण न मांडता नवी पद्धत त्यावर बसवता आली, आणि हा शहाणपणा कौतुकास पात्र आहे. कार्यालयांतून बाद झालेले जुने संगणकही या पाठांना पुरत असत.

पारंपरिक साक्षरता वर्गाला सुमारे 200 तास लागतील असे गृहीत धरले जाई; या कार्यक्रमात तेच काम 40 ते 50 तासांत करण्याचा प्रयत्न होता. दिवसभर मजुरी करून आलेली माणसे रात्री तास-दीड तास बसणार, आणि तेही आठवड्यातील काही दिवसच. अशा वेळी 200 तास म्हणजे जवळजवळ वर्ष, आणि वर्षभरात एखादे लग्न, एखादे बाळंतपण, एखादा सुगीचा हंगाम किंवा स्थलांतर आले की वर्ग सुटतो. गळती हाच प्रौढ वर्गांचा जुना आजार आहे, आणि तासांची संख्या कमी करणे हे त्यावरचे पहिले औषध होते. ते साधण्यासाठी मुळाक्षरांचा क्रम बाजूला ठेवून शब्दापासून सुरुवात करण्यात आली. शिकणाऱ्याला जो शब्द बोलीतून पूर्ण माहीत आहे तो आधी चित्रासह आणि उच्चारासह पडद्यावर येतो, मग त्याची अक्षरे हलत्या आकृत्यांनी सुटी होतात, पुन्हा जुळतात, आणि तीच अक्षरे दुसऱ्या ओळखीच्या शब्दात भेटतात. सूत्रसंचालनासाठी कठपुतळ्यांचा वापर केलेला होता. प्रेरक, म्हणजे वर्ग चालवणारी गावातलीच व्यक्ती, शिक्षक म्हणून प्रशिक्षित असण्याची गरज उरली नाही, कारण उच्चार, क्रम आणि पुनरावृत्ती यांची जबाबदारी यंत्राकडे गेली होती.

देवनागरी आणि तेलुगू यांसारख्या लिप्यांत या पद्धतीला एक खास कारण आहे. या लिप्यांचे एकक सुटा वर्ण नसून अक्षर, म्हणजे व्यंजनाला स्वरचिन्ह जोडून बनलेला गट असतो. बाराखडी आणि जोडाक्षरे मिळून अशा गटांची संख्या शेकड्यांत जाते आणि ती सगळी पाठ होईपर्यंत एकही उपयोगाचा शब्द हाती न लागण्याची शक्यता असते. सहा वर्षांच्या मुलाला ही प्रतीक्षा परवडते, कारण त्याच्यापुढे दुसरा उद्योग नसतो. चाळिशीच्या स्त्रीला पहिल्या आठवड्यात स्वतःच्या गावाचे नाव वाचता आले, तर ती दुसऱ्या आठवड्यात येते. हे तत्त्व नवे नाही. ब्राझीलमधील शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेरी यांनी 1963 मध्ये आंगिकोस या गावी सुमारे 300 श्रमिकांना 40 तासांत वाचायला शिकवण्याचा जो प्रयोग केला, त्यातही लोकांच्या जगण्यातून निवडलेल्या मोजक्या शब्दांपासूनच सुरुवात होती, आणि त्यांनीही त्या काळचे तंत्रज्ञान, म्हणजे पोलंडहून आणवलेले स्वस्त चित्रप्रक्षेपक, मुक्तपणे वापरले होते. फरक इतकाच, आणि तो लहान नाही, की फ्रेरींच्या वर्गात शब्द पडद्यावर येण्याआधी त्या शब्दामागच्या परिस्थितीवर, मजुरीवर, जमिनीवर, पाण्यावर लोक आपसांत बोलत. कोहलींच्या कार्यक्रमात शब्द प्रवेशिकेतून ठरून आलेले होते. ब्राझीलमध्ये 1964 मध्ये लष्करी सत्ता आली आणि फ्रेरी यांना तुरुंगात जावे लागले, यावरून बोलण्याच्या त्या भागाचे वजन सत्ताधाऱ्यांना नेमके कळले होते असे म्हणावे लागते.

कोहलींच्या कार्यक्रमावर सर्वांत मोठा आक्षेप घेता येतो तो लेखनाबाबत. हाताने लिहिण्याचा सराव वेळखाऊ असल्याने तेथे भर वाचनावर होता. लिहिणे मागाहून येईल अशी भूमिका होती. ज्याला आयुष्यभर कागदावर अंगठा उमटवावा लागला आहे त्याच्या दृष्टीने स्वतःच्या हाताने सही करणे ही साक्षरतेची पहिली निशाणी असते; ती मागे ढकलण्याचा निर्णय कार्यक्षमतेच्या हिशेबाने बरोबर असला, तरी शिकणाऱ्याच्या मानाचा हिशेब त्यात पुरेसा मांडलेला दिसत नाही. प्रौढ शिक्षणाचा वेगळा विचार करणारे अमेरिकन अभ्यासक माल्कम नोल्स यांनी 1970 मध्ये या विषयाची मांडणी करताना हाच मुद्दा पुढे आणला होता: प्रौढ व्यक्ती शिकायला येते ती अनुभवाची शिदोरी, तातडीची गरज आणि स्वतःविषयीची एक ठाम कल्पना घेऊन, आणि यांपैकी कशालाही धक्का लागला तर ती तक्रार न करता वर्ग सोडते.

प्रौढ वयात वाचन शिकता येते का, ही शंका मात्र आता निकालात निघाली आहे. लखनौजवळच्या खेड्यांतील निरक्षर प्रौढांना, ज्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, सहा महिने देवनागरी वाचन-लेखन शिकवून त्याआधी आणि त्यानंतर त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेण्यात आल्या; जर्मनी, नेदरलँड्स आणि भारत येथील संशोधकांनी मिळून केलेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. मेंदूच्या पृष्ठभागावरील दृष्टिकेंद्रांतच नव्हे, तर थॅलॅमस आणि मस्तिष्कस्तंभ या खोलवरच्या, उत्क्रांतीच्या दृष्टीने जुन्या भागांशी असलेल्या त्यांच्या समन्वयातही बदल झाल्याचे त्यांना आढळले. म्हणजे तिशीतला मेंदूही वाचनासाठी स्वतःची रचना बदलून घेतो. तेव्हा संगणकाच्या वर्गात एखादा प्रौढ अडत असेल तर दोष त्याच्या वयाला देण्याआधी त्याच्या पुढ्यात काय ठेवले आहे ते पाहणे योग्य.

पुढ्यात असते ते चित्र. चित्र सर्वांना कळते हा समज इतका रूढ आहे की निरक्षरांसाठी काही तयार करायचे म्हटले की शब्द काढून चित्रे घालणे हा पहिला उपाय सुचतो. पोर्तुगालच्या दक्षिणेला ओल्यान्व हे मासेमारीचे गाव आहे. तेथे एके काळी आई कामावर गेली की धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी थोरल्या मुलीला घरी ठेवत आणि धाकट्यांना शाळेत घालत, त्यामुळे एकाच कुटुंबात साक्षर आणि निरक्षर बहिणी आढळत. तुलनेसाठी इतकी अनुकूल परिस्थिती क्वचितच मिळते. आलेशांद्रे कास्त्रो-काल्दास, आलेशांद्रा रेइश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोर्तुगालमधील अशा निरक्षर प्रौढांवर केलेल्या अभ्यासांत दिसले ते असे: खरी वस्तू हाती दिली तर तिचे नाव सांगण्यात निरक्षर माणसे साक्षरांच्या बरोबरीची असतात, परंतु त्याच वस्तूचे रेखाचित्र दाखवले की ती मागे पडतात, आणि चित्राला रंग दिला की हे अंतर कमी होते. रेखाचित्र ही वस्तूची नक्कल नसून वस्तूविषयीचा एक संकेत आहे आणि तो संकेत वाचण्याचे शिक्षण पुस्तकांतून नकळत होत असते.

भारतातील अनुभव याला पुढे नेतो आणि थोडा गुंतागुंतीचाही करतो. बेंगळुरू येथे मायक्रोसॉफ्टच्या संशोधन केंद्रात इंद्राणी मेढी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 च्या सुमारास शहरातील वस्त्यांमध्ये राहणाऱ्या, घरकाम करणाऱ्या स्त्रियांसाठी काम शोधण्याचे एक अक्षरविरहित साधन तयार करायला घेतले. त्यात चित्रे होती आणि चित्रावर बोट किंवा दर्शक नेला की माहिती बोलून सांगणारा आवाज होता. आकडे मात्र ठेवले होते, कारण अक्षरे न वाचणाऱ्या अनेक स्त्रियांना आकडे वाचता येत. भांड्याचे चित्र दाखवले तर ते भांडे म्हणून ओळखले जाई, भांडी घासण्याचे काम म्हणून नव्हे. नळातून पडणारे पाणी किंवा पातेल्यातून निघणारी वाफ हलती दाखवली की अर्थ लागे. बारीकसारीक तपशिलाच्या छायाचित्रापेक्षा साधे, हाताने काढलेले चित्र तेथे अनेकदा अधिक उपयोगी ठरले, म्हणजे पोर्तुगालचा निष्कर्ष बेंगळुरूला जसाच्या तसा लागू पडला नाही. त्याहून मोठी अडचण चित्रांपलीकडची होती. काम देणारी मालकीण आपल्यासाठी संगणकात माहिती का भरेल, ही गोष्टच त्या स्त्रियांना पटत नव्हती; म्हणून सुरुवातीलाच मालकीण माहिती कशी देते आणि ती इथवर कशी येते हे दाखवणारी एक छोटी चित्रफीत घातली, तेव्हा वापर सुरळीत झाला. पडद्यावर जे आहे ते कोणी आणि कोणत्या हेतूने ठेवले हे कळल्याशिवाय त्यावर विश्वास न ठेवणे याला अडाणीपणा म्हणता येणार नाही. मोबाइलवरून होणाऱ्या फसवणुकींच्या आजच्या काळात तर साक्षरांनीच तो गुण घ्यावा अशी स्थिती आहे.

याच संशोधनाच्या पुढच्या टप्प्यात आणखी एक निरीक्षण आले. यादीतून उपयादी, उपयादीतून तिसरी यादी अशी उतरंडीची मांडणी कमी शिकलेल्या लोकांना जड जाते, मग ती चित्रांची असली तरीही. तेच सगळे पर्याय एका सपाट यादीत ठेवले तर ते अधिक सहज सापडतात. वस्तूंचे वर्ग पाडणे, वर्गांचे पोटवर्ग पाडणे ही सवय बुद्धीबरोबर आपोआप येत नाही, हे सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरिया यांनी 1931-32 मध्ये उझबेकिस्तानातील खेड्यांत पाहिले होते. हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका यांतील वेगळे काय, असे विचारले असता तेथील निरक्षर शेतकरी सांगत की काहीच वेगळे नाही. ओंडका नसेल तर बाकीच्या अवजारांचा उपयोग काय? शाळेच्या हिशेबाने हे उत्तर चूक, कामाच्या हिशेबाने निर्दोष. लुरिया यांनी या फरकाचे श्रेय साक्षरतेला आणि नव्या समाजरचनेला एकत्रच देऊन टाकले. पुढे सिल्व्हिया स्क्रिब्नर आणि मायकेल कोल यांनी लायबेरियातील वाई समाजाचा अभ्यास केला तेव्हा हा गुंता सुटला. वाई लोकांची स्वतःची लिपी आहे आणि ती बहुधा मोठेपणी, घरात, शाळेशिवाय शिकली जाते. इंग्रजी तेथे शाळेत आणि अरबी कुराणाच्या पठणातून येते. 1981 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचा निष्कर्ष असा होता की वर्गीकरण आणि काल्पनिक प्रश्नांची तर्कशुद्ध उत्तरे ही मुख्यतः शाळेची देणगी आहे, केवळ लिपी येण्याची नव्हे. संगणकाच्या पाठांसाठी याचा अर्थ सरळ आहे: वर्गवारी, वेगळा घटक ओळखणे, बहुपर्यायी प्रश्न अशा स्वरूपात जी चाचणी घेतली जाते ती वाचनाची परीक्षा नसते, शाळेत गेल्याची परीक्षा असते, आणि तिचे गुण वाचनाच्या खात्यावर मांडणे ही मोजमापाची चूक आहे.

ही चूक किती दूर जाऊ शकते याचे उदाहरण युरोपात सापडते. नेदरलँड्सने मार्च 2006 पासून असा कायदा लागू केला की विवाहामुळे किंवा कुटुंबाकडे राहण्यासाठी त्या देशात येऊ इच्छिणाऱ्या अनेक देशांच्या नागरिकांनी मायदेशातच डच भाषेची आणि डच समाजाची प्राथमिक परीक्षा द्यावी. अमेरिका, कॅनडा, जपान यांसारख्या देशांच्या नागरिकांना त्यातून सूट होती. मोरोक्को, तुर्कस्तान आणि भारत यांच्या नागरिकांना सुरुवातीला सर्वसाधारणपणे ती नव्हती. उमेदवाराने डच दूतावासात बसून टेलिफोनवर बोलायचे आणि पलीकडे माणूस नसून संगणक असे. वाक्य ऐकून जसेच्या तसे म्हणणे, छोट्या प्रश्नांची उत्तरे देणे, विरुद्धार्थी शब्द सांगणे असे प्रश्न असत आणि वाक्-अभिज्ञान प्रणाली, म्हणजे उच्चारलेला आवाज ओळखून त्याचे शब्दांत रूपांतर करणारे सॉफ्टवेअर, गुण देत असे. परीक्षक कोठेही तोच, कोणाचाही पक्ष न घेणारा, म्हणून ही पद्धत निःपक्षपाती असल्याचा दावा होता.

या दाव्यात तथ्य नव्हते असे नाही. गुण देताना यंत्र उमेदवाराच्या पेहरावाकडे किंवा धर्माकडे पाहत नाही. परंतु कास्त्रो-काल्दास यांच्या 1998 मधील अभ्यासात निरक्षर व्यक्तींना ओळखीचे शब्द ऐकून म्हणता आले, मात्र निरर्थक ध्वनिगट, म्हणजे शब्दासारखा वाटणारा पण अर्थ नसलेला आवाज, म्हणताना त्या अडखळल्या. ध्वनीचे तुकडे पाडून ते मनात धरून ठेवण्याचे कौशल्य वर्णमाला शिकताना घडते असा त्याचा अर्थ लावला जातो. नव्याने कानावर पडणारी परकी भाषा ही सुरुवातीला निरर्थक ध्वनिगटांचीच माळ असते. तेव्हा वाक्य जसेच्या तसे म्हणा हा प्रश्न पदवीधराला एक गोष्ट विचारतो आणि कधीच शाळेत न गेलेल्या स्त्रीला दुसरीच, हा निष्कर्ष टाळता येत नाही. विरुद्धार्थी शब्दांचा खेळही तसाच वर्गातला आहे. 2011 मध्ये या परीक्षेत वाचनाची भर पडली आणि ती आणखी कठीण झाली. 2014 मध्ये टेलिफोनची जुनी परीक्षा बदलण्यात आली. नेदरलँड्सला न्याय देण्यासाठी हेही नोंदवले पाहिजे की शाळा न पाहिलेल्या स्थलांतरितांच्या भाषाशिक्षणाचा गंभीर अभ्यासही मोठ्या प्रमाणात याच देशात झाला. 2005 मध्ये टिलबर्ग येथे या विषयाच्या संशोधकांची पहिली आंतरराष्ट्रीय बैठक भरली आणि नंतरच्या दशकात डच, इंग्रजी, जर्मन आणि फिनिश या चार भाषांसाठी, मोठ्याने वाचताना चुकलेला आवाज शिकणाऱ्याच्या लक्षात आणून देणाऱ्या सरावपाठांवर काम झाले. तेच तंत्रज्ञान परीक्षक म्हणून वापरले की दार बंद करते आणि सराव करून घेणारा म्हणून वापरले की न कंटाळता पन्नास वेळा ऐकून घेते. प्रौढ विद्यार्थ्याच्या दृष्टीने संगणकाचा सर्वांत मोठा गुण हाच असावा: त्याच्यासमोर चुकताना लाज वाटत नाही.

आफ्रिकेतील नायजर या देशातला प्रयोग साधनाच्या दृष्टीने सर्वांत साधा होता आणि तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, त्याचा निष्कर्ष सर्वांत स्पष्ट आहे. जेनी एकर आणि त्यांच्या सहकारी अर्थतज्ज्ञांनी 2009 पासून तेथील 113 गावांत चाललेल्या प्रौढ साक्षरता वर्गांचा अभ्यास केला. हौसा आणि झार्मा या दोन मातृभाषांतून शिकवले जाई आणि शेतीच्या हंगामात वर्ग बंद ठेवले जात. सगळ्या गावांत अभ्यासक्रम सारखाच होता. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या काही गावांत तेवढे शिकणाऱ्यांच्या गटांना साधे, बटणांचे मोबाइल फोन देऊन त्यावर आकडे ओळखणे, नावे शोधणे आणि लघुसंदेश लिहिणे शिकवले गेले. फोनवर कोणतेही शैक्षणिक सॉफ्टवेअर नव्हते. या गावांतील प्रौढांचे गुण इतर गावांपेक्षा 0.19 ते 0.25 प्रमाण विचलनाने अधिक आले. प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप, आणि या क्षेत्रात पाव विचलनाचा फरक बरा मानला जातो. वर्ग संपल्यानंतर सात महिन्यांनीही गणितातील आघाडी टिकून होती. याचे कारण तेथील बाजारात आहे. नायजरमध्ये फोनवर बोलणे महाग आणि लघुसंदेश त्यामानाने फार स्वस्त होता. परगावी कामाला गेलेल्या नातेवाइकाची खबर किंवा दुसऱ्या बाजारातील बाजरीचा भाव कळण्यासाठी वाचता येणे म्हणजे रोख पैसे वाचवणे होते. येथे फोनने धडा शिकवला नाही. धडा वापरायला कारण पुरवले.

अमेरिकेत पुढे नेमका उलट मार्ग धरला गेला. प्रौढ साक्षरतेसाठी 70 लाख डॉलरची 'एक्सप्राइझ' स्पर्धा जाहीर झाली आणि लॉस एंजेलिस, डॅलस, फिलाडेल्फिया या शहरांतील सुमारे 12,000 प्रौढांवर मोबाइलवरील पाठांची चाचणी होऊन 2019 मध्ये दोन संघांना पहिले बक्षीस विभागून मिळाले. अंतिम पाच संघांत भारतातील अमृता विद्यापीठाचा एक संघही होता. त्या शहरांतील स्पॅनिश भाषक स्थलांतरितांपैकी अनेकांना स्वतःच्या भाषेत वाचता येत होते, आणि एका भाषेत वाचता येणारा माणूस दुसरी शिकताना निम्मी वाट आधीच चाललेला असतो. त्यामुळे ते निष्कर्ष कधीच न शिकलेल्यांना लावताना जपून लावावे लागतात.

महाराष्ट्रातील साक्षरतेचा दर 2011 च्या जनगणनेत 82 टक्क्यांहून थोडा अधिक होता, परंतु उरलेले निरक्षर राज्यभर सारखे पसरलेले नाहीत. मेळघाटात कोरकू बोलली जाते आणि ती मराठीच्या कुळातली तर नाहीच, द्रविड कुळातलीही नाही. ती मुंडा गटातील भाषा आहे. गडचिरोलीच्या माडिया-गोंडांची भाषा द्रविड कुळातली, नंदुरबारच्या भिल्लांची बोली गुजरातीला जवळची आणि रायगड-ठाण्याच्या कातकऱ्यांची मराठीला जवळची, पण दोन्ही प्रवेशिकेतल्या मराठीहून बऱ्याच वेगळ्या. ओळखीच्या शब्दापासून अक्षराकडे जाण्याची पद्धत येथे पहिल्याच पायरीवर अडखळते, कारण पडद्यावर बोलला जाणारा शब्द शिकणारीच्या तोंडचा नसतो. आवाज ओळखणाऱ्या प्रणालीही शहरी, शिकलेल्या आणि बहुधा तरुण माणसांच्या ध्वनिमुद्रणावर तयार झालेल्या असल्या, तर त्यांनाही हा उच्चार परका वाटणार. छापील मजकुराची मोठी भांडारे असलेल्या भाषांना संगणकाने लवकर आपलेसे केले. ज्या भाषा मुख्यतः बोलल्या जातात त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून, त्याचा अर्थ नोंदवून घेणे हे काम तंत्रज्ञांचे कमी आणि त्या भाषा बोलणाऱ्यांचे अधिक आहे, आणि त्याला वेळ लागतो.

देवनागरी टंकलेखनातही प्रौढ नवसाक्षरासाठी एक खाच आहे, जिच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. भारतीय लिप्यांचे संगणकीकरण करताना, आधी कानपूरच्या आयआयटीत आणि नंतर पुण्याच्या सी-डॅकमध्ये, जो संकेत ठरला त्यात अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात आणि 'इनस्क्रिप्ट' कळफलकही त्याच क्रमाने चालतो. ही रचना अत्यंत सुबक आहे आणि तिच्यामुळेच बहुतेक भारतीय लिप्या एका चौकटीत बसल्या. परंतु नवशिक्या हाताने 'कि' लिहिताना पहिली वेलांटी पानावर डावीकडे, 'क'च्या आधी दिसते, आणि कळफलकावर मात्र 'क' आधी दाबावा लागतो. पडद्यावर वेलांटी मागून येऊन पुढे जाऊन बसते. साक्षर माणूस याची सवय चार दिवसांत करून घेतो. जिने महिनाभरापूर्वी वेलांटी ओळखायला सुरुवात केली आहे, तिला आपले काहीतरी चुकले असेच वाटते. अशा ठिकाणी शेजारी बसलेल्या प्रेरकाने एवढेच सांगायचे असते की चूक झालेली नाही, आणि नेमके एवढेच वाक्य पाठाच्या रचनेत नसते. बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन केंद्राचे सहसंस्थापक असलेले केंतारो तोयामा यांनी 2015 च्या आपल्या पुस्तकात मांडले आहे की तंत्रज्ञान माणसांच्या आणि संस्थांच्या मूळच्या क्षमतेत वाढ करते, नसलेली क्षमता निर्माण करत नाही. स्वतःच्या कारकिर्दीतील अनेक प्रकल्पांच्या अपयशातून ते या मतावर आले, म्हणून त्याला वजन आहे.

सध्या देशभर चालू असलेल्या 'उल्लास: नव भारत साक्षरता कार्यक्रमा'ची मुदत 2022 ते 2027 अशी आहे आणि 15 वर्षांवरील पाच कोटी निरक्षरांपर्यंत पोहोचण्याचे उद्दिष्ट त्यात ठेवलेले आहे. स्वयंसेवक विनामोबदला शिकवतात, आणि नोंदणी व पाठ्यसाहित्य यांसाठी मोबाइल ॲप आहे. प्रत्यक्षात ते सर्वेक्षण करणाऱ्याच्या आणि स्वयंसेवकाच्या हाती अधिक असते, शिकणाऱ्याच्या हाती कमी. शेवटी होणारी चाचणी कागदावर असते: वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी 50 असे 150 गुण. म्हणजे केवळ वाचनावर भर देणारा, संगणकावरचा 40 तासांचा पाठ्यक्रम उद्या पुन्हा वापरात आणायचा झाला, तर लेखनाच्या एक तृतीयांश गुणांसाठी पाटी आणि पेन्सिल घेऊन वेगळे बसावे लागेल. आणि स्वतःच्या हाताने सही करू पाहणाऱ्या शिकणाऱ्यांना त्याची फारशी तक्रार असण्याचे कारण दिसत नाही.